दुर्बिणीला घोडी

पारास्काने दुर्बीण आणली ढकलगाडीतून,
पोत्यात गुंडाळून, डुकराचं पिल्लू आणावं तशी.
भावाची. तो सीमेवर होता, पहाऱ्याच्या मनोऱ्यात,
या जाड दोन डोळ्यांनी वीस वर्षं
पलीकडच्या जंगलातून कोण येतं ते बघायचा.
तो गेला. मनोराही भंगारात गेला.
कार्पेथियनच्या या टोकाला आता
दिव्यांपेक्षा अस्वलं जास्त.
"मला हिच्यातून वर बघायचंय," ती म्हणाली.
"हिला घोडी करून दे."

काट्यावर ठेवली. नऊ किलो दोनशे.
एवढं हातात धरून चांदणी बघायला जावं
तर चांदणी नाही, आपलीच नाडी दिसते.

आधी फोटोवाल्या युरायची तिपाई मागून आणली.
लग्नं-बारशी पाहिलेली, नाजूक पायांची.
कितीही आवळा, दुर्बीण
प्रवचनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी
नाक खाली आणत जायची:
गुरूवर लावावी, तर पाच मिनिटांत
स्तेफानच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर.
आणि बोट लागलं की अख्खं आकाश थरथरायचं.
चार सेकंद. मी मोजले.

मग बीचच्या लाकडाचे दोन समांतर दांडे,
चार बिजागऱ्या, मागच्या टोकाला पासंग म्हणून
घणाचं डोकं आणि बटाट्याच्या काट्याची दोन वजनं.
अशी घोडी की वर करा, खाली करा,
अंग हलतं, नजर ढळत नाही.
मी सहा फुटी, कृत्तिकांवर लावून बाजूला झालो,
नात टाचा न उचलता त्याच कृत्तिका बघून ओरडली.
मला वाटलं, झालं काम.

पारास्का आली. दांडा खाली घेतला. आणखी खाली.
आणि तेव्हा मला दिसलं
जे तीस वर्षं रोज दारात दिसत होतं:
टपालाची पिशवी पाठीवरून उतरली,
पाठीतला बाक उतरला नाही.
ती गावाला बुटांवरून ओळखते.
आरामखुर्चीत निजवली, तर पोक टेकेना,
उलथ्या कासवासारखी डोलायला लागली
आणि हसली. मी नाही हसलो.

घोड्या तपासत बसलो होतो मी,
स्वाराकडे पाहिलंच नव्हतं.

राहिलं एकच: आकाश खाली आणायचं.
कपाटाचा आरसा लावून पाहिला.
प्रत्येक ताऱ्याला एक फिकट सावत्र भाऊ,
काच पुढे, मुलामा मागे, उजेड दोन्हीकडून परततो.
मुलामा पुढच्या अंगाला हवा. तसा सापडला
सांस्कृतिक भवनाच्या तळघरात,
कपाटाएवढ्या जुन्या टीव्हीच्या पोटात,
ज्यावर गाव एके काळी हॉकी हरताना बघायचं.
कापला. हात लावू नको म्हणून
नातीला दोनदा रागावलो.
(बोट माझंच लागलं. डाग आहे अजून, वरच्या कोपऱ्यात.)

टेबलावर तिरका आरसा, वर लोखंडी चौकट,
चौकटीत दुर्बीण, तोंड खाली करून घट्ट.
ती जागची हलत नाही.
हलतो आरसा, एका लाकडी मुठीवर.

आलुबुखारं उतरवून झाली होती, रात्री गोठत होतं.
पारास्का स्टुलावर बसली
जन्मभर चालली तशी,
मान खाली घालून.
श्वासाने भिंगं धुरकटली,
तिने डोक्याचा रुमाल सोडून नाकावर बांधला.
मी सांगत होतो, आरशात डावं-उजवं उलटं होतं,
नकाशा कंदिलासमोर धर, मागून वाच,
तर तिने हातानेच गप्प केलं,
दारोदारच्या कुत्र्यांना करायची तसं.

पुष्कळ वेळाने म्हणाली,
"तो कधी वर बघत असेल का रे, मनोऱ्यातून?"
मला माहीत नव्हतं.
मी पासंगाची वजनं परत काट्याजवळ नेऊन ठेवली.
"मूठ कुरकुरते," ती निघताना म्हणाली.

सकाळी तेल घेऊन गेलो.
झाकायचा विसरलो होतो आरसा.
दव पडलेलं, आणि दवात,
अगदी मधोमध,
स्तेफानच्या कोंबडीचा पाय.